बर्फ नसलेल्या नदीचा साठा

मागच्या बैठकीत एकीने विचारलं, गंगेला भर उन्हाळ्यात पाणी असतं, मग आपल्या ओढ्या-नद्यांना का नाही? आज त्याबद्दल बोलू.

गंगेच्या माथ्याशी गंगोत्रीची हिमनदी आहे, सुमारे ३० किलोमीटर लांब. पडलेला बर्फ थरावर थर साचून दगडासारखा घट्ट होतो आणि आपल्याच वजनाने दरीतून हळूहळू खाली सरकतो. गोमुखाशी तो वितळतो आणि नदी होतो. म्हणजे ती पाण्याची कणगीच. पण शंभरहून जास्त वर्षं तिचं तोंड मागे हटतंय. कोणत्या साली बर्फ कुठपर्यंत होता, हे त्या वाटेवर दगडांवर लिहून ठेवलंय.

आपल्या सह्याद्रीला अशी कणगी नाही. आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. रायरेश्वर, तोरणा, राजगडावर आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी दुथडी भरतात, आणि दिवाळीनंतर डोंगर पुन्हा कोरडा.

मग कणगी माणसाने बांधली. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने वेळवंडीवर भाटघरला धरण घातलं. ते पुरेना, म्हणून दुसरी, मोठी भिंत उभी राहिली, ती १९२८ साली पूर्ण झाली. तेव्हा भोर हे पंत सचिवांचं संस्थान होतं. दरी आपली बुडाली, आणि पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरला, पुढे उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसला गेलं. तिकडे ऊस उभा राहिला. त्या बायाबापड्यांचाही दुष्काळ हटला, त्याबद्दल आमच्या मनात आकस नाही. पण धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्या-वस्त्यांवर मे महिन्यात आम्हीच हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावतो, हेही बोललं पाहिजे. जलाशयाला नाव मात्र भुतोंड्याच्या येसाजी कंकांचं. नाव आपलं राहिलं म्हणायचं!

उन्हाळ्यात धरण खाली गेलं की कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं देऊळ पाण्यातून वर येतं. वर्षातले बरेच महिने बुडालेलं, गाळाने माखलेलं. मग लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. पाऊस लागला की देव पुन्हा पाण्यात. म्हाताऱ्या बाया पाण्याचा अंदाज त्यावरूनच घेतात: यंदा देऊळ लवकर दिसलं, म्हणजे पाणी लवकर उतरलं.

हे सगळं तोंडीच चाललंय. गोमुखाला दगडावर लिहितात, तसं आपण गटाच्या वहीत लिहू. देऊळ कोणत्या तारखेला दिसलं, कोणत्या तारखेला बुडालं, आणि त्या दिवशी वरच्या वस्तीचा झरा किती हंडे देत होता. कांबऱ्याकडच्या बायकांनी पहिली ओळ लिहायची. बाकीच्यांनी आपापल्या झऱ्याची.