जुन्या दारावरची पाटी

एखादा गृहस्थ बिऱ्हाड बदलतो तेव्हां सामान हलविण्याचें काम एकदोन दिवसांत आटोपतें. ओळख हलविण्याचें काम मात्र पुढें कित्येक महिने चालूं राहतें. दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, टपालवाला, परगांवचे आप्त या सर्वांच्या लेखीं तो गृहस्थ अद्याप जुन्याच घरीं नांदत असतो. म्हणून व्यवहारी माणूस निघण्यापूर्वीं जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावतो, पोस्टांत अर्ज देतो आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवतो. जो एवढें करीत नाहीं, त्याचीं पत्रें परत जातात. आणि दोनचार पत्रें परत गेलीं म्हणजे लोक लिहिणेंच सोडून देतात. माणूस असतो, त्याचें घरहि असतें; पण जगाच्या हिशेबीं तो नाहींसा झालेला असतो.

अलीकडच्या काळांत ग्रंथ, दप्तरें आणि कचेऱ्या यांनाहि निराळ्या प्रकारचे पत्ते मिळाले आहेत. संगणकाच्या जाळ्यावर ज्या जागीं तीं ठेवलेलीं असतात तिला संकेतस्थळ म्हणतात. आणि अशीं स्थळेंहि वेळोवेळीं बिऱ्हाडें बदलतात. त्या वेळीं त्यांची ओळख, म्हणजे शोधयंत्रानें त्यांना दिलेलें वरचें स्थान, कसें टिकवावें हा प्रश्न वरकरणी यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु तो इतिहासाचाहि प्रश्न आहे, आणि गोंदिया जिल्ह्याच्या उदाहरणावरून तो चांगला उमगतो.

गोंदियाचें घर जागचें हललें नाहीं; पत्ता मात्र वारंवार बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. तिसरे रघूजी १८५३ सालीं निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनीं तें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. १८६७ सालीं बालाघाट हा नवा जिल्हा करण्यांत आला तेव्हां भंडारा जिल्ह्याचा कांहीं भाग तिकडे गेला. १९५० सालीं मध्यप्रांत व वऱ्हाड यांचें नांव मध्यप्रदेश झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. आणि १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगांव, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगांव हे आठ तालुके त्याच्या वांट्यास आले.

या अखेरच्या फेरफारांत टपालाची वाट चुकली नाहीं. पोस्टानें १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडाची पद्धति सुरू केली होती, आणि गोंदिया शहराचा ४४१६०१ हा आंकडा जिल्ह्याच्या नांवास बांधलेला नव्हता. जिल्हा नवा झाला. आंकडा बदलण्याचें कारण पडलें नाहीं. पत्ता देणाऱ्यानें आधींच दूरदृष्टि ठेवली म्हणजे पुढचा किती त्रास वांचतो, याचें हें लहानसें प्रमाण आहे.

ग्रंथांचें मात्र तसें नाहीं. या प्रदेशाची सर्वांत विस्तृत माहिती ज्या दोन गॅझेटियरांत आहे, त्यांपैकीं एक आर. व्ही. रसेल यांनीं संपादिलेलें १९०८ सालचें असून दुसरें महाराष्ट्र शासनाची १९७९ सालची सुधारलेली आवृत्ति होय. दोन्ही ग्रंथ गोंदिया जिल्हा जन्मास येण्यापूर्वींचे, आणि दोहोंच्या कपाळीं नांव भंडाऱ्याचें. १९०८ सालीं तर भंडारा, तिरोडा व साकोली अशा तीनच तहशिली होत्या. गोंदिया हें तिरोडा तहशिलींतील रेल्वेचें ठिकाण. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव, तलाव बांधण्यांत पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेले कोहळी लोक, धानाची शेती, बंगाल-नागपूर रेल्वे आणि गोंदियाहून जबलपुराकडे निघालेला अरुंद मापाचा सातपुडा फांटा, हें सारें शोधावयाचें तर भंडाऱ्याच्या नांवाखालीं शोधलें पाहिजे. वाचनालयांत ही अडचण ग्रंथपाल दूर करतो. गोंदियाची माहिती मागणाऱ्यास तो शांतपणें भंडाऱ्याचा खंड काढून देतो. संगणकाच्या जाळ्यांत हें काम कोण करतो, हें पाहण्यासाठीं त्या जाळ्याच्या जन्माकडे वळलें पाहिजे.

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं हें जाळें विणलें आणि १९९१ सालीं तें जगास खुलें झालें. त्याची मूळ कल्पना अत्यंत साधी होती. प्रत्येक पानास एक पत्ता असावा, आणि कोणत्याहि पानावरून दुसऱ्या कोणत्याहि पानाकडे बोट दाखवितां यावें. या बोट दाखविण्यास दुवा म्हणतात. तत्पूर्वींच्या कांहीं योजनांत दोन्ही पानांस परस्परांची नोंद ठेवावी लागत असे. बर्नर्स-ली यांनीं ती अट काढून टाकली. त्यामुळें कोणाचीहि परवानगी न घेतां कोणीहि दुवा देऊं लागला, आणि जाळें झपाट्यानें वाढलें. परंतु या सोयीच्या पोटांतच एक उणीव राहिली. आपल्याकडे कोणकोण बोट दाखवितात याचें पत्रक पानाजवळ नसतें. म्हणून पान हललें असतां तें सर्वांना तसें कळवूं शकत नाहीं. शिल्लक राहतो तो एकच उपाय: जुन्या दाराशीं कोणीतरी उभें राहून येणाऱ्यास नवा पत्ता सांगणें.

हा उपाय जाळ्याच्या नियमांतच घातलेला आहे. मे १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रांत संगणकानें द्यावयाच्या उत्तरांना आंकडे ठरवून दिलेले आढळतात. ४०४ म्हणजे असें पान येथें सांपडत नाहीं. ३०२ म्हणजे पान तात्पुरतें दुसरीकडे गेलें आहे. ३०१ म्हणजे पान कायमचें हललें असून त्याचा नवा पत्ता अमुक आहे. हा ३०१ आंकडा म्हणजेच जुन्या दारावरची पाटी. वाचकाच्या तो दृष्टीसहि पडत नाहीं. क्षणार्धांत तो नव्या जागीं पोहोंचतो. पुढें १९९८ सालीं बर्नर्स-ली यांनीं एक स्वतंत्र निबंध लिहून असा आग्रह धरला कीं, पत्ते मुळांतच असे द्यावे कीं ते बदलण्याची पाळी येऊं नये. विभागाचें नांव, अधिकाऱ्याचें नांव किंवा यंत्राचा प्रकार पत्त्यांत गोंवूं नये, कारण या गोष्टी आज आहेत व उद्यां नाहींत.

त्याच १९९८ सालीं लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघां तरुणांनीं गूगल हें शोधयंत्र स्थापन केलें, आणि पाटीचें महत्त्व शतपटीनें वाढलें. आधींचीं शोधयंत्रें मुख्यतः पानावरील शब्दांकडे पाहत. या दोघांनीं साक्षीदारांकडे पाहिलें. एखाद्या पानाकडे किती पानें बोट दाखवितात, आणि तीं बोट दाखविणारीं पानें स्वतः किती वजनाचीं आहेत, यावरून त्यांनीं क्रम लावला. आज त्या क्रमांत इतरहि अनेक गोष्टी मोजल्या जातात, परंतु साक्षीचें तत्त्व टिकून आहे. आतां ही साक्ष ग्रंथाच्या नांवें नसून पत्त्याच्या नांवें असते, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. शेंकडों पानांनीं पंधरा वर्षें एका पत्त्याची ग्वाही दिली आणि तो पत्ता एके दिवशीं बंद झाला, तर ती सारी ग्वाही रिकाम्या घराकडे तोंड करून उभी राहते. शोधयंत्र कांहीं वेळां परत येऊन पाहतें. ४०४ हें उत्तर वारंवार मिळालें म्हणजे तें पान यादींतून काढून टाकतें. उलट जुन्या पत्त्यावर ३०१ ची पाटी असेल, तर जुन्या जागेची पुण्याई नव्या जागेच्या खातीं मांडली जाते.

आतां पुन्हां गॅझेटियरांकडे वळावें. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागानें जुने जिल्हाग्रंथ संगणकावर आणून सर्वांस विनामूल्य खुले केले, हें त्या विभागाचें मोठें कार्य होय. या ग्रंथांनाहि बिऱ्हाडें करावीं लागलीं. प्रथम ते राज्य शासनाच्या मुख्य संकेतस्थळावर होते. नंतर सांस्कृतिक कार्य विभागाच्या पत्त्याखालीं आले. त्यानंतर दर्शनिका विभागाच्या स्वतःच्या पत्त्यावर गेले. अभ्यासकांनीं ज्या त्या वेळचा पत्ता आपल्या लेखांत नोंदविला. विकिपीडियावरील कित्येक लेखांच्या तळटीपांत हे निरनिराळ्या काळचे पत्ते एखाद्या जुन्या शिलालेखाच्या थरांसारखे दिसतात.

या स्थलांतरांत एक गोष्ट विशेष पाहण्याजोगी घडली. शेवटच्या वेळीं सांस्कृतिक कार्य विभागाचा संपूर्ण जुना पत्ता नव्या पत्त्याच्या पोटांत एखाद्या कप्प्यासारखा ठेवण्यांत आला. दिसावयास हें ओबडधोबड वाटतें. परंतु त्यांत मोठी सोय आहे. ज्यास ही खूण ठाऊक आहे, तो जुन्या पत्त्याच्या आरंभीं नव्या विभागाचें नांव जोडतो आणि नेमक्या त्याच पानावर पोहोंचतो. पानांचीं अंतर्गत नांवें कायम राहिल्यामुळें जुन्या दाराशीं एका ओळीचा नियम लिहून हजारों पानांची वाट एकदम दाखवितां येते. अर्थात्‌ त्यासाठीं जुनें दार उघडें ठेवणें आणि तेथें पाटी लावणें अवश्य असतें. नाहींतर खूण केवळ जाणत्यांच्या कामाची राहते.

या अनुभवावरून स्थलांतराची रीत सहज सांगतां येते. हलण्यापूर्वीं जुन्या पानांची संपूर्ण यादी करावी, वाण्यानें दुकान हलवितांना मालाची करावी तशी. प्रत्येक जुन्या पानासमोर त्याचें नवें पान लिहावें. सर्व जुन्या पत्त्यांवरून सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे बोट दाखविणें ही चूक फार आढळते. नवेगांवचा तलाव विचारणाऱ्यास गांवाच्या वेशीवर आणून सोडण्यासारखेंच तें आहे, आणि शोधयंत्रहि अशा पाटीस बहुधा न सांपडलेल्या पानाप्रमाणेंच लेखतें. पाटी ३०१ ची असावी, तात्पुरत्या ३०२ ची नसावी. आपल्याच पानांमधील दुवे नव्या पत्त्याचे करावे, नवी यादी शोधयंत्रास सादर करावी, आणि ज्या मोठ्या संस्थांनीं दुवे दिले असतील त्यांस पत्र लिहून ते सुधारून घ्यावे. घर आणि वेष हीं दोन्ही एकाच दिवशीं बदलूं नयेत, म्हणजे चूक कोठें झाली तें कळतें. पाटी किमान एक वर्ष ठेवावी असा गूगलचा सल्ला आहे; ग्रंथसंग्रहानें ती कायम ठेवावी, कारण पुस्तकांत छापलेला पत्ता वर्षानें आपोआप सुधारत नाहीं. इतकें करूनहि कांहीं आठवडे क्रम खालींवर होतो. त्यानें घाबरून जाऊं नये.

हा उपद्व्याप व्यर्थ वाटत असल्यास एका आंकड्याकडे पाहावें. अमेरिकेंतील प्यू या संशोधनसंस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें २०१३ सालीं अस्तित्वांत असलेल्या पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनंतर मिळेनाशीं झालीं होतीं. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ सालीं स्थापन झालेली संस्था जुन्या पानांच्या प्रती जतन करते, आणि तिच्यामुळें पुष्कळ वांचलें आहे. पण प्रत कोठें आहे हें शोधण्यास हरवलेला पत्ता आधीं ठाऊक असावा लागतो.

व्यापाऱ्याचें स्थान घसरलें तर त्याचें गिऱ्हाईक तुटतें; तें तो पुन्हां मिळवूं शकतो. मूळ ग्रंथाचें स्थान घसरलें तर होणारें नुकसान निराळ्या जातीचें असतें. त्याची जागा रिकामी राहत नाहीं. त्यावरून घाईघाईनें उतरलेली नक्कल तेथें येऊन बसते. आमगांवची किंवा सालेकशाची एखादी विद्यार्थिनी आपल्या तालुक्याच्या तलावांची माहिती शोधूं लागली, तर वरचीं चारपांच पानें पाहून ती थांबेल. त्या पानांत एखादें साल चुकलेलें असेल तर तेंच ती लिहून घेईल. पुढें तिचें लिखाण वाचून दुसरा तेंच लिहील, आणि प्रत्येक नवा दुवा त्या चुकीस आणखी एक साक्षीदार देईल. मूळ ग्रंथ मात्र नव्या पत्त्यावर, सुरक्षित कपाटांत, कोणाच्याहि नजरेस न पडतां राहील.

गोंदियाच्या बाबतींत ही काळजी दुप्पट आहे, कारण त्याचा इतिहास आधींच दुसऱ्या जिल्ह्याच्या नांवाखालीं ठेवलेला आहे. भंडाऱ्याच्या ग्रंथाकडे नेणारी वाट मोडली तर गोंदियाचीहि वाट मोडते. म्हणून गोंदियावर लिहिणाऱ्या प्रत्येकानें, मग तो शिक्षक असो, पत्रकार असो कीं कचेरींतील कारकून असो, केवळ पत्ता न देतां ग्रंथाचें नांव, साल व प्रकरण हींहि लिहावीं. पत्ता हरवला तरी त्यावरून ग्रंथ पुन्हां सांपडतो. आणि ज्यांच्या हातीं दप्तर हलविण्याचें काम येईल, त्यांनीं नव्या घराचें दार रंगविण्यापूर्वीं जुन्या दारावर पाटी लावली कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें.