गोचीड ताप : कुत्र्यासोबत भिंतीच्या फटीही तपासा

गोचीड चावली की कुत्र्याला नुसती खाज सुटते, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून एर्लिकिया, बॅबेसिया हे जंतू रक्तात शिरतात. यालाच गोचीड ताप म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर कुत्रा दगावू शकतो.

लक्षणे : ताप, खाणं सोडणं, मरगळ, फिकट हिरड्या. एर्लिकियात प्लेटलेट्स घटून नाकातून रक्त येऊ शकतं. बॅबेसियात लघवी गडद, कॉफीच्या रंगाची होते.

उपचार : लगेच पशुवैद्यांकडून रक्त तपासून घ्या. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवडे चालतो. कुत्रा खेळायला लागला म्हणून तो मध्येच सोडू नका. बॅबेसियाचं औषध वेगळं असतं. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी मुळीच देऊ नका.

प्रतिबंध : रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि फटीत हजारो अंडी घालते. म्हणून नुसती आंघोळ पुरत नाही. गोवा-खानापूरकडच्या चिऱ्याच्या भिंती, कुत्र्याचं अंथरूण, खाटेचे सांधे नीट बघा. फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. कान आणि बोटांमधल्या जागा रोज तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल लावू नका. गोचीडनाशक गोळी किंवा थेंब वजनानुसार, ठरल्या तारखेलाच द्या. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराला जीवघेणं ठरतं.