दट्ट्या, स्प्रिंग आणि ससा : ब्रिटनमधील हवाई रायफलीची शिकार

स्प्रिंगवर चालणाऱ्या हवाई रायफलीत, म्हणजे महाराष्ट्रात छऱ्याची बंदूक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रात, दारू नसते आणि आधीपासून साठवून ठेवलेली दाबाची हवाही नसते. नेमबाज तरफ ओढून आतली पोलादी स्प्रिंग दाबतो. चाप ओढताच ती सुटते, दट्ट्याला सिलिंडरमध्ये पुढे रेटते, दट्ट्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाऊन तापते आणि एका अरुंद छिद्रातून नळीत शिरून छऱ्याला बाहेर फेकते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्मिंगहॅममध्ये तयार झालेल्या रायफलीत आणि आज जर्मनीतून येणाऱ्या रायफलीत हे तत्त्व तेच आहे, त्यामुळे या दोहोंची तुलना सरळ करता येते. ही तुलना बहुतेकदा ताकदीच्या अंगाने होते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ससा किंवा रानकबुतर एका छऱ्यात, न तडफडता मरावे अशी ज्याची अपेक्षा आहे त्याच्या दृष्टीने या शंभर वर्षांतला खरा पल्ला ताकदीत कमी आणि एकसारखेपणात अधिक गाठला गेला, असे या शस्त्राचा इतिहास पाहिल्यावर दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या स्प्रिंगच्या बंदुका मुख्यतः जर्मनीत बनत आणि त्यांतील बऱ्याचशा जत्रेतल्या नेमबाजीपुरत्या किंवा मुलांच्या खेळापुरत्या असत. बर्मिंगहॅमचे बंदूक व्यावसायिक लिंकन जेफ्रीज यांनी हे चित्र बदलले. १९०४ मध्ये त्यांनी घेतलेल्या पेटंटातील रायफलीची नळी मोडून छर्रा भरावा लागत नसे. नळी जागच्या जागी घट्ट राही आणि स्प्रिंग दाबण्यासाठी नळीखाली स्वतंत्र तरफ असे. १९०५ पासून बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बीएसए या कारखान्याने तिचे उत्पादन हाती घेतले. ही वेळ महत्त्वाची होती. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपले होते, सामान्य नागरिकालाही नेमबाजी यावी यासाठी फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स मोहीम चालवत होते आणि गावोगावी छोट्या रायफलींचे क्लब निघत होते. लष्करी रायफली बनवणाऱ्या यंत्रांवर, त्याच काटेकोरपणे, छऱ्याची रायफल घडू लागली आणि खेळण्याच्या पंक्तीत बसलेली वस्तू उठून शस्त्राच्या पंक्तीत आली.

त्या काळची एखादी बीएसए हातात घेतली तर हा फरक लगेच जाणवतो. अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचे बोधचिन्ह कोरलेले असते. पोलादी भाग भरीव धातूतून कापून काढलेले, निळसर पाणी दिलेले आणि एकमेकांत इतके नेमके बसवलेले असतात की आजच्या कारखानदारालाही ते खर्चाच्या कारणाने परवडू नये. सिलिंडरच्या पुढच्या टोकाशी तोटीसारखी फिरणारी एक गोल खुंटी असते. ती वळवली की वर एक भोक उघडे होते, त्यात छर्रा सोडायचा आणि खुंटी पुन्हा वळवली की छर्रा नळीच्या सरळ रेषेत येतो. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर बसवलेला असतो, आणि तोच या रायफलीचा प्राण आणि तिची दुबळी बाजूही आहे.

चामड्याचा वॉशर तेलाने मऊ राहतो तोवर हवा धरून ठेवतो; वाळला की कडेने हवा निसटते आणि छऱ्याचा वेग घटतो. म्हणून जुने नेमबाज अधूनमधून तेलाचे दोन-चार थेंब सिलिंडरमध्ये सोडत. परंतु दाबलेली हवा इतकी तापते की तेल अधिक झाले तर ते डिझेल इंजिनात पेटते तसे पेटते, नळीच्या तोंडातून धूर निघतो आणि तो एकच छर्रा बाकीच्यांपेक्षा जोरात, म्हणून उंच जातो. ब्रिटिश प्रयोगकर्ते जेरल्ड कार्ड्यू आणि त्यांचे पुत्र यांनी या प्रश्नाचा चिकाटीने अभ्यास केला. ऑक्सिजन वगळून नायट्रोजनमध्ये रायफल चालवून त्यांनी दाखवले की वंगणाचे ज्वलन बंद झाले की छऱ्याचा वेगही उतरतो. याचा अर्थ, ज्वलनाचा थोडाफार वाटा स्प्रिंगच्या रायफलीच्या नेहमीच्या शक्तीतच असतो. तो वाटा दर वेळी सारखा ठेवता येणे ही खरी कसोटी, आणि चामड्याच्या वॉशरवर विसंबून ती पार पडणे अवघड होते.

सुस्थितीतील जुन्या बीएसएची शक्ती साधारण ८ ते १० जूलच्या आसपास असे. हा आकडा आजच्या मानाने लहान वाटतो, तरी पंधरा-वीस मीटरांवर, डोक्यात नेमका बसलेल्या छऱ्याने ससा मारण्यास तो पुरेसा होता. दुर्बीण नसल्याने मागची खाच आणि पुढची माशी यांनीच नेम धरावा लागे, आणि वीस मीटरांपलीकडे सशाचे डोके माशीआड झाकले जाई. त्यामुळे वाऱ्याची दिशा पाहून, कुंपणाच्या आडोशाने, सूर्य पाठीशी ठेवून जनावराजवळ सरकणे हाच त्या शिकारीचा मोठा भाग होता. निवृत्त कामगारापासून शेतकऱ्याच्या मुलापर्यंत अनेकांनी ही कला या रायफलीमुळे शिकली, याचे मोल कमी लेखू नये.

मुंबईतही याच काळात हवाई बंदुकीने एक मोठे काम घडवले. दहा-बारा वर्षांच्या सलीम अली यांनी आपल्या छोट्या हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसल्याने ती कोणती हे विचारण्यासाठी मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले आणि भारतीय पक्षिशास्त्राला त्याचा सर्वांत मोठा अभ्यासक मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीचा मार्ग बंद केला आहे; २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलच्या मर्यादेतील हवाई रायफलीला परवाना लागत नाही, तरी तिने रानातला पक्षी टिपणे हा गुन्हाच आहे. शिकारीसाठी जुनी की नवी, हा प्रश्न म्हणूनच ब्रिटनच्या भूमीवर उरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मांसाचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालले आणि ससा रेशनबाहेर होता, तेव्हा रायफलीला मागणी राहणे साहजिक होते. बीएसएने १९४८ मध्ये आणलेल्या एअरस्पोर्टरमध्ये तरफ दस्त्याच्या लाकडातच लपवलेली होती, मात्र छर्रा भरण्याची खुंटी तशीच राहिली. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा विषाणूजन्य रोग ब्रिटनमध्ये पोचला आणि अल्पावधीत देशातले बहुसंख्य ससे मेले. ही घट भरून येईपर्यंत छऱ्याच्या रायफलीचे लक्ष्य रानकबुतरे, उंदीर आणि पुढे राखाडी खारी हे बनले. ही खार मूळची अमेरिकेची. १८७६ मध्ये चेशायरमध्ये सोडली गेल्यानंतर तिने तांबड्या खारींना हुसकावले, म्हणून आज तिची संख्या आटोक्यात ठेवणे हे वनरक्षणाचे काम मानले जाते.

१९६९ च्या नियमांनी ब्रिटनमध्ये विनापरवाना हवाई रायफलीची शक्ती १२ फूट-पौंडांवर, म्हणजे सुमारे १६ जूलवर, बांधली. फूट-पौंड हे एका पौंड वजनाची वस्तू एक फूट उचलण्यास लागणाऱ्या ऊर्जेचे माप आहे. याचा परिणाम कायदा करणाऱ्यांच्या मनात नसेल इतका दूरगामी झाला. ताकद वाढवून बाजार जिंकण्याचा मार्ग ब्रिटनपुरता बंद झाल्यावर चांगल्या कारागिरांनी आपली सगळी बुद्धी त्याच १६ जूलच्या आत धक्का, कंपन आणि चढउतार कमी करण्यावर लावली. मेलरिखश्टाटच्या वाइरॉख कंपनीच्या एचडब्ल्यू ३५ आणि १९८० च्या सुमाराच्या एचडब्ल्यू ८० या रायफलींनी, आणि त्यांतल्या रेकॉर्ड नावाच्या, हलक्या हाताने सुटणाऱ्या चापाने, या दिशेला गती दिली. त्यानंतरच्या एचडब्ल्यू ७७ मध्ये तरफ ओढली की सिलिंडरच मागे सरकतो आणि छर्रा थेट नळीच्या तोंडात बोटाने बसवता येतो. जुनी खुंटी, तिच्यातून होणारी गळती आणि तिच्यात चेपला जाणारा छर्रा, हे सगळे एकदम संपले. ससेक्सच्या एअर आर्म्सची टीएक्स २०० याच वाटेवरची आणि या वर्गातली बहुधा सर्वांत घोटीव रायफल आहे.

स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दारूच्या बंदुकीपेक्षा वेगळा असतो, आणि तो समजल्याशिवाय नव्या रायफलीचे महत्त्व कळत नाही. दट्ट्या पुढे धावताना रायफल मागे सरकते, तो हवेच्या उशीवर आदळून थांबताच ती पुढे हिसका देते, आणि या उलटसुलट हालचालीच्या आतच छर्रा नळीबाहेर पडतो. रायफल घट्ट आवळून धरली तर एके ठिकाणी, सैल धरली तर दुसऱ्या ठिकाणी छर्रा लागतो. दारूच्या रायफलीसाठी बनवलेल्या दुर्बिणी या पुढच्या हिसक्याने खिळखिळ्या होत असत. नव्या रायफलींत दट्ट्याला चामड्याऐवजी कृत्रिम सील असते, स्प्रिंगच्या आत-बाहेर बसणाऱ्या मार्गदर्शक नळ्यांमुळे तिची झणझण थांबते, आणि थिओबेन कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या प्रकारात तर पोलादी स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या वायूची स्प्रिंग असते, जी तासभर दाबून ठेवली तरी शिणत नाही. ५.५ मिलिमीटरचा छर्रा १६ जूलच्या शक्तीने सेकंदाला सुमारे १८५ मीटर वेगाने निघतो. दुर्बिणीच्या साह्याने सराव केलेला नेमबाज तीस मीटरांपर्यंत सर्व छर्रे नाण्याएवढ्या वर्तुळात ठेवू शकतो, आणि सशाच्या डोक्यातला प्राणघातक भाग त्याहून फारसा मोठा नसतो.

जुन्या रायफलीत नवी स्प्रिंग आणि कृत्रिम वॉशर बसवून देणारे कारागीर ब्रिटनमध्ये आजही आहेत आणि त्यांच्या हातून निघालेली १९१० ची बीएसए बऱ्याच अंशी एकसारखे छर्रे टाकते. तिच्या चाहत्यांचा हा दावा खरा आहे. परंतु खुंटीभोवतीची झीज आणि मूळच्या सिलिंडरचे आकारमान बदलता येत नाही. त्यामुळे राखाडी खारीसारख्या चिवट जनावरावर ती वापरणे योग्य ठरत नाही आणि सशावर वापरायची झाली तर पंधरा-वीस मीटरांची जुनी मर्यादा, दुर्बीण लावली तरीही, ओलांडू नये. वाइरॉखची एचडब्ल्यू ८० घेऊन जाणाऱ्याला चार किलोंच्या आसपासचे वजन कुंपणाकुंपणाने वागवावे लागते, ही तिची अडचण खरीच आहे. मात्र जनावर जखमी होऊन बिळात शिरण्याची शक्यता ज्या रायफलीत कमी, तीच शिकारीला न्यावी, आणि जुनी बीएसए लक्ष्यफलकावर चालवावी.