नामांतर आंदोलन : विद्यार्थी आणि वृत्तपत्रे

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, यासाठी १९७८ ते १९९४ या काळात लढा झाला. विद्यार्थ्यांनी त्याच्या बातम्या कशा वाचल्या, वापरल्या आणि जोखल्या, याविषयीची ही नोंद.

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील हे विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. शेजारच्या नागसेनवनात बाबासाहेबांनी उभे केलेले मिलिंद महाविद्यालय त्याआधीच, १९५० पासून, चालू होते. तिथे शिकणाऱ्या कित्येकांच्या घरात तोवर कुणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे पेटवली गेली, माणसे गाव सोडून पळाली. टेंभुर्णी (जि. नांदेड) येथे पोचिराम कांबळे यांचा खून झाला. नामांतराविरुद्धच्या मोर्चांत विद्यार्थी होते, बाजूनेही विद्यार्थीच लढत होते.

त्या काळी या प्रदेशात शब्दाला वजन होते ते दैनिक ‘मराठवाडा’च्या. संपादक अनंत भालेराव हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेले, आणीबाणीत तुरुंगात गेलेले. नामांतराला मात्र त्यांचा विरोध होता. विरोधक विद्यार्थ्यांना त्यातून प्रादेशिक अस्मितेचा युक्तिवाद आयता मिळाला. दलित विद्यार्थ्यांना हा विरोध अधिक झोंबला, कारण तो स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या माणसाकडून आला होता.

खरा वाद शब्दांचा होता. घडल्या प्रकाराला ‘दंगल’ म्हटले की दोन्ही बाजू सारख्याच दोषी ठरतात. जळालेली वस्ती तर एकाच बाजूची होती. म्हणून चळवळीतले विद्यार्थी ‘अत्याचार’ हा शब्द आग्रहाने वापरत. त्यांचा हा आग्रह रास्त होता. गावाकडची खबर छापून येईपर्यंत थांबण्याची त्यांना सोय नव्हती. एसटीने आलेला गाववाला, पत्रके, सभा आणि शाहिरांची गाणी हीच त्यांची वार्तापत्रे. लेखनासाठी डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक याच शहरात होते. छापील बातमीचा उपयोग मुख्यतः पुराव्यापुरता. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून निघालेल्या लाँग मार्चने मात्र हा प्रश्न मराठवाड्याबाहेरच्या वृत्तपत्रांतही नेला.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. जुने नाव कायम राहिल्याने शासनाने आणि वृत्तपत्रांनी याला ‘नामविस्तार’ म्हटले. चळवळीतल्या अनेकांच्या तोंडी ‘नामांतर’च राहिले. आजचा विद्यार्थी आंदोलन मोबाइलवर पाहतो आणि स्वतः चित्रित करून पुढे पाठवतो. तरीही दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर अभिवादनासाठी गर्दी लोटते आणि तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात.