वर्ग शांत कशामुळे राहतो? डेटानं 'नाही' म्हटलं त्याची गोष्ट

पीएच.डी.ची तयारी करताना एक भीती बहुतेकांना असते: आपला डेटा गृहीतकाच्या विरोधात गेला तर? आज त्यावरचीच एक गोष्ट सांगतो. विषय तुमच्या ओळखीचाच आहे, वर्गातली बेशिस्त.

जेकब कुनिन हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक. एकदा त्यांच्या तासाला एक विद्यार्थी चक्क पेपर उघडून वाचत बसला होता. कुनिन त्याला रागावले. तो तर वरमलाच, पण ज्यांचा काही संबंध नव्हता तेही चिडीचूप झाले. रागावलं एकाला, परिणाम झाला सगळ्यांवर! या लाटेला कुनिन यांनी नाव दिलं 'रिपल इफेक्ट'.

मग त्यांनी पॉल गम्प यांच्यासोबत बालवर्गांचा अभ्यास केला. तो १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. काय चुकलं आणि काय करायचं हे शिक्षिकेनं स्पष्ट सांगितलं, तर बघणारी मुलं जास्त ऐकत. नुसतं दरडावलं तर ती बिचकत, पण वागणं काही सुधारत नसे. म्हणजे रागावण्याची योग्य पद्धत शोधली की झालं, असं कुणालाही वाटेल.

हेच तपासायला पुढे त्यांनी प्राथमिक शाळांच्या वर्गांत कॅमेरे लावले. शिक्षकाचं प्रत्येक रागावणं किती स्पष्ट, किती ठाम, हे नोंदवलं. दुसरीकडे मुलं कामात किती रमलीत आणि किती खोड्या करताहेत, हे मोजलं. दोन्हींचा सहसंबंध काढला, आणि हाती काहीच लागलं नाही. रागावण्याची पद्धत कोणतीही असो, वर्गाच्या एकूण वागण्याशी तिचं नातं दिसेना.

आता विचार करा, तुम्ही काय केलं असतं? विषय बदलला असता? कुनिन यांनी त्याच टेप पुन्हा पाहिल्या. काही वर्ग शांत होते, काही नव्हते, हा फरक तर खराच होता. मग तो येतो कुठून?

उत्तर बेशिस्तीच्या आधीच्या मिनिटांत होतं. चांगल्या शिक्षकाचं सगळीकडे लक्ष असे, आणि ते मुलांना ठाऊक असे. याला कुनिन 'विथइटनेस' म्हणतात. खोडी पसरण्याआधी, आणि नेमक्या खोडकर मुलालाच, तो टोकत असे. एकाची वही तपासताना बाकी वर्ग नजरेआड होत नसे. एका कामातून दुसऱ्याकडे जाताना धडा रेंगाळत नसे. मुलांना रिकामा वेळच कमी मिळे. १९७० मध्ये हे सगळं त्यांच्या पुस्तकात आलं.

विज्ञानाचा विद्यार्थी लगेच विचारेल, हा तर सहसंबंध झाला, कारण कशावरून? मुळातच शांत असलेल्या वर्गात कुणीही शिक्षक दक्ष दिसेल! शंका रास्त आहे. पुढे एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन यांनी शाळेच्या पहिल्या दिवसापासून वर्गांचं निरीक्षण केलं. १९८० च्या त्यांच्या लेखात दिसतं, की यशस्वी शिक्षक पहिल्या काही आठवड्यांत वर्गाचे नियम धड्यासारखे शिकवत आणि सराव करून घेत. नंतर शिक्षकांना असं प्रशिक्षण देऊन प्रयोगही झाले.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी घातली. त्यावर 'मग आता मुलांना धाक कसला दाखवायचा?' असं अजूनही विचारलं जातं. कुनिन यांच्या टेप वेगळा प्रश्न सुचवतात: खोडी होण्याआधीच्या पाच मिनिटांत वर्गात काय चाललं होतं?

तुमच्या संशोधनासाठी यातून दोन गोष्टी घ्या. कच्चा डेटा जपून ठेवा. टेप नसत्या तर कुनिन यांना मागे जाताच आलं नसतं. आणि मोजमाप इतकं नीट करा, की 'नाही' असं उत्तर आलं तरी त्यावर विश्वास ठेवता येईल.