तीनशे चार धावा आणि एक थट्टा

२६ डिसेंबर २०१८ रोजी मेलबर्न कसोटीत कर्नाटकच्या मयंक अगरवालने पदार्पण केले. ऑस्ट्रेलियाचे माजी लेगस्पिनर केरी ओकीफ त्या वेळी फॉक्स क्रिकेट वाहिनीवर समालोचन करत होते. अगरवालच्या प्रथम श्रेणीतील त्रिशतकाचा विषय निघाला, तेव्हा ते रेल्वेच्या कँटीनमधील कर्मचाऱ्यांविरुद्ध काढले असावे, अशी थट्टा त्यांनी केली. आचारी आणि स्वयंपाकघरातला मदतनीस यांनाही त्यांनी त्या काल्पनिक संघाचे गोलंदाज करून टाकले. भारतात संतापाची लाट उसळली.

आधी वस्तुस्थिती पाहू. ते त्रिशतक नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे झाले, आणि समोर संघ होता महाराष्ट्राचा. अगरवाल ३०४ धावांवर नाबाद राहिला. त्या रणजी मोसमात त्याने एकूण ११६० धावा केल्या. त्याच मोसमाच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकला अवघ्या ५ धावांनी हरवले आणि पुढे प्रथमच रणजी करंडक जिंकला. त्या स्पर्धेचा कस काय होता, हे यवतमाळ-नागपूरच्या क्रिकेटरसिकाला वेगळे सांगायला नको.

आता माफीकडे वळू. भारतीय क्रिकेटचा दर्जा कमी लेखण्याचा हेतू नव्हता, कोणी दुखावले असल्यास क्षमस्व, असा खुलासा ओकीफ यांनी लवकरच केला. मात्र त्याच कसोटीत त्यांनी भारतीय खेळाडूंच्या नावांवरही विनोद केला आणि वाद पुन्हा पेटला. त्यानंतर त्यांनी खुले पत्र लिहून आपला हेतू विनोदाचा होता, अनादराचा नव्हता, असे मांडले.

भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. ‘बोललो ते चुकले’ आणि ‘कोणी दुखावले असल्यास क्षमस्व’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्यात दोष वक्त्याचा. दुसऱ्यात तो नकळत ऐकणाऱ्याच्या हळवेपणाकडे सरकतो. दोहोंना सरसकट ‘माफी मागितली’ असे म्हणणारी बातमी खोटी नसते, पण पुरेशी खरीही नसते. वादग्रस्त उद्गाराचे नेमके शब्द द्यायचे आणि माफीचे मात्र केवळ क्रियापद, ही आपली जुनी सवय आहे.

याहून मोठी गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटली. ही थट्टा उभी होती कँटीनमधील माणसाच्या क्षुद्रपणावर. खुलासा झाला तो क्रिकेटच्या दर्जाचा. आपला संतापही ‘आमच्या खेळाडूला आचाऱ्यांच्या पंक्तीत बसवले’ याचाच होता. म्हणजे थट्टेचे गृहीतक आपणही मान्य केले होते. वास्तविक आपल्याकडे नोकरी आणि क्रिकेट यांचे नाते जवळचे. रेल्वेच्या संघाने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये रणजी करंडक जिंकला. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर रेल्वेकडून खेळत कसोटीपर्यंत पोहोचले. महेंद्रसिंह धोनी खरगपूरला तिकीट तपासनीस होता. रेल्वेच्या हजेरीपटावर नाव असणे हा येथे कमीपणा नव्हता. अनेकांना खेळत राहता आले ते त्या पगारामुळेच.

अगरवालने त्या दिवशी ७६ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियातील भारतीय पदार्पणवीराचा सर्वोच्च धावसंख्येचा दत्तू फडकरांचा १९४७ पासूनचा ५१ धावांचा विक्रम मागे टाकला. थट्टेला उत्तर मिळाले. कँटीनमधल्या माणसाची क्षमा मात्र कोणीच मागितली नाही, आणि ती मागायला हवी होती हे कोणाला सुचलेही नाही.