घरी निहाली, शाळेत मराठी

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद परिसरात निहाली ही भाषा बोलली जाते. तिचे भाषक जेमतेम दोन ते अडीच हजार. कोणत्याही ज्ञात भाषाकुळात तिला निश्चितपणे बसवता आलेले नाही. या कोड्याने भाषाशास्त्रज्ञांना भुरळ घातली असली, तरी माणूस दुसरी भाषा कशी आत्मसात करतो, हे पाहण्यासाठीही हा परिसर तितकाच बोलका आहे.

निहाली बोलणारा माणूस सहसा एकभाषक नसतोच. निहालांनी कोरकूंच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या मजुरी केली आणि कामाच्या ओघात मुंडा कुळातील कोरकू भाषा त्यांच्या तोंडी बसली. बाजारहाटासाठी मराठी व हिंदी आली. व्याकरण कोणी शिकवले नाही. उलट, कोरकू माणूस मात्र सहसा निहाली शिकत नाही. त्याचे तिच्यावाचून अडत नाही.

या एकतर्फी व्यवहाराच्या खुणा भाषेतच आहेत. डच अभ्यासक एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये निहालीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना शब्दसंग्रहाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कोरकूशी जुळणारा आढळला; सुमारे चतुर्थांश शब्दांचे नाते कोठेच लागेना. दोन ते चार हे अंक द्राविडी वळणाचे आहेत, तर पाचपासून पुढचे आर्य भाषांतून आलेले.

वयाचा मुद्दा वाटतो तितका सरळ नाही. लहान मुले उच्चार अचूक उचलतात हे खरे. पण सुरुवातीच्या काळात शब्द आणि नियम मोठी माणसेच अधिक वेगाने शिकतात.

खरा पेच शाळेत उभा राहतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. दुकानात वस्तू समोर असते, हातवारे मदतीला असतात. धड्यात शब्दांखेरीज आधार नसतो. त्यामुळे पटांगणावर सफाईने मराठी बोलणारे मूल गणिताच्या शाब्दिक उदाहरणापाशी अडखळले, तर ते ‘मंद’ ठरवले जाते. ही चूक कोणत्याही शहरातल्या इंग्रजी शाळेतही घडू शकते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचे म्हटले आहे. निहालीला मात्र स्वतःची लिपी नाही. शिवाय दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे जनगणनेत १९७१ पासून स्वतंत्रपणे जाहीर होत नाहीत. पहिलीत आलेल्या मुलाची घरची भाषा कोणती, हे शिक्षकाला सरकारी तक्त्यातून कळणार नाही. ते त्या घरीच जाऊन विचारावे लागेल.